आरतीसंग्रहात मंत्रपुष्पांजली थांबे दाखवून छापावी

महोदय,

गणेशोत्सवात बहुतेक वृत्तपत्रे आरतीसंग्रह काढतात. त्यात मंत्रपुष्पांजली सलग छापलेली असते. मग म्हणणारे दम संपेल तिथे थांबतात आणि शब्दांची मोडतोड होते. यंदा आपल्या पुरवणीत थांबे दाखवावेत, ही विनंती.

पहिली ऋचा, 'यज्ञेन यज्ञम्', ऋग्वेदातल्या पुरुषसूक्ताची शेवटची. ती बहुतेकांना नीट येते. दुसरा मंत्र तैत्तिरीय आरण्यकातला, कुबेराला नमन करणारा. त्यात 'प्रसह्य साहिने' असे आहे, 'प्रसह्ये' नव्हे.

खरी गडबड तिसऱ्यात होते. तो 'ऐतरेय ब्राह्मण' या वैदिक ग्रंथातल्या राजाच्या महाभिषेकाचा (राज्याभिषेकाच्या विधीचा) भाग. हे गद्य आहे, छंदाचा आधार नाही, त्यामुळे कुठे थांबायचे ते कानाला कळत नाही. सगळे 'माहाराज्यमाधिपत्यमयं' म्हणून श्वास घेतात. पण 'आधिपत्यम्' येथे राज्यांची यादी संपते आणि 'अयं' म्हणजे 'हा (राजा)' या शब्दाने पुढचे वाक्य सुरू होते. म्हणून थांबे असे हवेत:

ॐ स्वस्ति । साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यं वैराज्यं । पारमेष्ठ्यं राज्यं माहाराज्यमाधिपत्यम् । अयं समंतपर्यायी स्यात् सार्वभौमः । सार्वायुष आंतादापरार्धात् । पृथिव्यै समुद्रपर्यंताया एकराळिति ॥

शेवटचा तुकडा एका दमात म्हणायचा. 'पर्यंताया' हा एकच शब्द, पृथ्वीचे विशेषण; त्यातला 'या' तोडून मराठी 'या'सारखा म्हणू नये. 'एकराळिति' म्हणजे एकराट् + इति. दोन स्वरांमध्ये आलेल्या ट् चा ड् आणि ऋग्वेदी उच्चारात त्याचा ळ् होतो, ऋग्वेदाच्या आरंभीच्या 'अग्निमीळे'मध्ये आहे तोच. 'एकरा' म्हणून थांबून 'ळिति'वर जोर देण्याची पद्धत सोडायलाच हवी. समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा एकच राजा, हा सगळ्या मंत्राचा कळस तिथे आहे.

चौथ्यात 'मरुत्तस्यावसन् गृहे' येते. मरुत्त हा अविक्षिताचा मुलगा, राजा. त्याच्या घरी मरुत् (वादळवाऱ्याचे देव) वाढपी होते आणि विश्वेदेव सभासद, असा श्लोकाचा आशय. एक 'त' गाळून 'मरुतस्य' म्हटले की राजाच नाहीसा होतो आणि मरुतांच्या घरी मरुतच वाढायला उभे राहतात. हा जोड 'त्त' ठळक छापावा आणि 'समंतपर्यायी' व 'स्यात्' यांत मोकळी जागा सोडावी.

– एक वेदपाठ-शिक्षक, वाई