समुद्राकाठी घर शोधताना हाताला धरून फिरवणाऱ्या ताईंना, जाहीर थँक्यू

ताई, नमस्कार.

तुम्हाला फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "आईंचा खोकला कसा आहे" असं विचारून विषय बदलता, म्हणून शेवटी हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. दुसरं म्हणजे तुम्ही जे सांगितलंत ते काय फक्त आमच्याच कामाचं नाहीये, समुद्राकाठच्या कुठल्याही शहरात बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाला ते उपयोगी पडेल, मग ते माझ्या एकट्याच्या चॅटमध्ये कशाला पडून राहू द्यायचं.

खरं तर तुमची-माझी ओळख ती केवढी, ऑफिसातल्या मित्राची मोठी बहीण आणि आयुष्यभर बिल्डिंग रिपेअरची कामं केलेली, बस एवढंच मला माहीत. मी साधा मेसेज टाकला की राहायला कुठला एरिया चांगला आहे सांगाल का. यावर लोक दोन-तीन नावं सांगतात आणि मोकळे होतात. तुम्ही उलट मलाच विचारलंत, घरात कोण कोण आहे, कोण किती वाजता बाहेर पडतं, दमा कोणाला, गुडघे कोणाचे दुखतात, गाडी आहे का, आणि पावसात घरी पोचायला उशीर झाला तर घरात कोणाचं अडतं. मला आधी वाटलं बाई जरा जास्तच चौकशी करतायत. पण उत्तरं टाइप करता करताच आमच्या यादीतले अर्धे एरिया आपोआप गळले, त्यासाठी कुठे जायचीसुद्धा गरज पडली नाही.

मग तुम्ही नकाशा उघडायला लावलात. आम्ही सगळे नकाशात समुद्रापासूनचं अंतर बघत होतो, तुम्ही म्हणालात अंतर नंतर, आधी उंची बघा. समुद्राला अगदी लागून असलेल्या टेकाडावरचं घर कोरडं राहील आणि चार किलोमीटर आत खाडीच्या काठचं घर बुडेल, कारण खाडी म्हणजे समुद्रच, तो मागच्या दाराने आत आलेला असतो. हे ऐकलं तेव्हा लख्ख पटलं. आणि वर ही ताकीद, की मोबाईलवर फुकट मिळणाऱ्या उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. त्यातल्या बऱ्याच आकड्यांच्या मुळाशी फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलमधून केलेला रडार सर्व्हे आहे आणि रडारला बऱ्याचदा जमिनीऐवजी गच्च्या आणि झाडांचे शेंडे दिसतात, म्हणजे दाट वस्तीत जमीन आहे त्यापेक्षा उंच वाटते. पाणी काही गच्चीवरून वाहत नाही. त्यामुळे चालत जा, उतार कुठे आहे तो पायाला कळतो, असं तुमचं म्हणणं.

भरतीचं वेळापत्रक बघून घर बघायला जायचं असतं हे मला तोपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे वेळ रोज पाऊणएक तास पुढे सरकत राहते, त्यामुळे रविवारी सकाळी अकराला जो रस्ता कोरडा दिसला तो पुढच्या रविवारी अकराला तसाच असेल असं नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग म्हणजे कमी चढणारी भरती, हे किनाऱ्यावरच्या माणसांना पाठच असतं, आमच्यासारख्या आतल्या भागातून येणाऱ्यांना कॅलेंडर काढून बसावं लागतं. तुम्ही आम्हाला मुद्दाम उधाणाच्या दिवशी ऐन भरतीला बोलावलंत. पावसाचा थेंब नव्हता, आभाळ निळंशार, आणि तरी एका गल्लीच्या टोकाला गटाराच्या जाळीतून पाणी बुडबुडे काढत वर येत होतं! ब्रोकर म्हणाला पाइप फुटला असेल. तुम्ही म्हणालात, बोट बुडवून चाटून बघा. (बघितलं नाही कोणी, पण तो गप्प झाला.)

त्यामागचं गणित तुम्ही तिथेच उभ्या उभ्या सांगितलंत आणि ते इतकं सोपं आहे की लोक लक्षात का घेत नाहीत कळत नाही. पावसाचं पाणी नाल्यातून समुद्रात जायचं, पण भरतीला समुद्रच नाल्याच्या तोंडापेक्षा वर चढला तर ते जाणार कुठे. नाल्याला दारं असतील तर ती लागतात, मग समुद्र आत येत नाही पण शहरातलं पाणीही बाहेर पडत नाही, पंप लावून उपसायचं, आणि पंप नसेल तर ओहोटीची वाट बघत बसायचं. म्हणजे पाऊस किती पडला यापेक्षा कोणत्या वेळी पडला हे महत्त्वाचं. आणि हे पुढे सुधारणार नाहीये. जगभरची सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ मध्ये साधारण २० सेंटिमीटर वाढली आणि २००६ ते २०१८ या काळात तर दरवर्षी ३.७ मिलिमीटरच्या वेगाने, हे हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालात आहे. वर्षाला ३.७ मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण नाल्याचं तोंड ज्या काळात बांधलं त्या काळच्या समुद्राच्या हिशोबाने बांधलेलं असतं ना.

जुनी वस्ती बघा, हे तुमचं आवडतं वाक्य. ज्यांना सगळी जागा मोकळी होती ते साहजिकच उंचावर राहिले, नंतर आलेल्यांना उरलेलं मिळालं आणि उरलेलं म्हणजे बऱ्याचदा पाणथळ नाहीतर भराव. उपग्रहाचे जुने फोटो मागे मागे नेत बघायची तुमची ट्रिक तर मी आता सगळ्यांना सांगतो. आम्हाला आवडलेलं एक चकाचक कॉम्प्लेक्स पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या फोटोत चक्क चिखल आणि खारफुटी होतं. भराव म्हणजे लगेच वाईट असं नाही हेही तुम्हीच म्हणालात, नीट दाबून, खाली पाइल्स, म्हणजे जमिनीत खोल रोवलेले खांब, घेऊन बांधलं तर बिल्डिंग उभी राहते. पण भोवतालचा रस्ता, गटार, पाण्याची लाइन यांना पाइल्स नसतात, ते खचत राहतात. आणि भूकंपाच्या पट्ट्यात असाल तर गोष्टच वेगळी, सॅन फ्रान्सिस्कोचा मरिना भाग १९१५ च्या प्रदर्शनासाठी बुजवलेल्या जागेवर वसला आणि १९८९ च्या भूकंपात, केंद्र शंभरेक किलोमीटर लांब असूनसुद्धा, तिथली ओली वाळू पातळ होऊन घरं आडवी झाली.

आता किल्लीची गोष्ट सांगतोच, कारण ती लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. समुद्रासमोरचा तो फ्लॅट, नवा रंग, नव्या टाइल्स, बाल्कनीतून थेट क्षितिज, बायको आणि मी दोघंही मनातल्या मनात फर्निचर लावून मोकळे झालो होतो. तुम्ही फ्लॅटमध्ये आलातच नाहीत. खाली पार्किंगमध्येच थांबलात, पर्समधून घराची किल्ली काढलीत आणि कॉलमवर टकटक करत सुटलात. टक, टक, टक, आणि मग गुडघ्याच्या उंचीला एकदम ढब. परत वर टक, खाली ढब. मला म्हणालात हात लावा, तर कोपऱ्याच्या कडेने उभी, केसाएवढी चीर, आणि नव्या रंगाच्या आतून चहाच्या डागासारखा तपकिरी ओघळ. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते, मग पावसाळ्यात दार फुगून चौकट ढकलतं तशी ती आतून काँक्रीटला ढकलते. प्लास्टर सुटतं, तिथे पोकळ वाजतं. वर रंग मारला की पुढची एक-दोन वर्षं दिसत नाही, तेवढ्यात फ्लॅट भाड्याने जातो. हे सगळं तुम्ही ब्रोकरसमोरच बोललात. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

त्याच पार्किंगमध्ये तुम्ही अजून काय काय दाखवलंत, इलेक्ट्रिक मीटर छातीच्या उंचीवर हलवलेले आणि जुन्या फळीच्या खुणा खाली तशाच, पंपासाठी वेगळा ओटा, शेजारच्या दुकानांच्या दारात पाणी अडवायला फळी बसवायच्या खाचा. भिंतीला ठरावीक उंचीपर्यंतच नवं प्लास्टर असेल तर ती उंची म्हणजे मागच्या पुराची सही. घरमालकाला विचारून काय होणार, तो म्हणणार आमच्याकडे कधीच पाणी भरत नाही. भिंत खरं बोलते.

वाऱ्याचं मला शाळेतलं आठवत होतं, दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे, मार्क मिळवून विसरलेलो. तुम्ही त्याचा घर शोधायला उपयोग केलात. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, रात्री जमीन लवकर गार होते म्हणून उलटा, म्हणजे दुपारी छान वाटलेल्या घरात रात्री मागच्या नाल्याचा किंवा कचरा डेपोचा वास येऊ शकतो. म्हणून एकच घर दुपारी आणि रात्री जेवणानंतर असं दोन्ही वेळा बघायचं. आईच्या दम्यामुळे ओलीचा मुद्दाही तुम्हीच लावून धरलात. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं, आणि बुरशी दिसते कपाटाच्या मागे, गादीच्या खाली, म्हणजे घर बघायला गेल्यावर जिथे कोणी वाकून बघत नाही तिथे. तुम्ही वाकलात. कोणाच्याही घरातलं कपाट बिनधास्त पुढे ओढायचं तुमचं धाडस मला या जन्मी जमणार नाही. समोरासमोर खिडक्या असलेलं घर घ्या, समुद्र नाही दिसला तरी चालेल पण वारा आरपार गेला पाहिजे, हे तेव्हाचंच.

पाण्याचंही तसंच. बोअरवेल आहे म्हणून खूश होऊ नका, किनाऱ्याजवळ गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं आणि हिशोब असा की समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० मीटर असतं. म्हणजे उपसून वरची पातळी १ मीटर खाली आणली की तळातून खारं पाणी हळूहळू ४० मीटर वर सरकू शकतं. ज्या एरियात सगळेच बोअरवर आहेत तिथे आंघोळीच्या नळाला तोंड लावून बघा आणि नळाचे पांढरे पडलेले सांधे बघा.

रस्त्यांबद्दल फार लिहीत नाही, एवढंच की समुद्राकाठच्या शहराची एक बाजू बंद असते, सगळी गर्दी उरलेल्या बाजूंनी आत-बाहेर करते, त्यामुळे ऑफिस आणि घर यांच्यामध्ये खाडीवरचा एकच पूल असेल तर तो पूल म्हणजेच तुमचं आयुष्य. ओसाकाचं कान्साई विमानतळ तुम्ही उदाहरण म्हणून दिलं होतं, कृत्रिम बेटावरचं, १९९४ ला सुरू झालेलं, तेव्हापासून खचत चाललेलं. सप्टेंबर २०१८ च्या वादळात तिथे पाणी भरलं आणि नेमका तेव्हाच एक टँकर पुलावर आदळला, हजारो माणसं आत अडकली. तुमचा मुद्दा असा की हॉस्पिटल पुलाच्या कोणत्या बाजूला आहे ते बघा. आईसाठी हाच प्रश्न शेवटी निर्णायक ठरला.

एका गोष्टीत मात्र माझं तुमच्याशी अजून पटत नाही. समुद्र दिसणं म्हणजे निव्वळ हौस, असं तुम्ही म्हणता. असेल, पण समुद्राच्या शहरात जाऊन समुद्रच दिसणार नसेल तर माणूस चिडचिडा होतो की हो. त्यामुळे तुम्ही सुचवलेला आतला, टेकडीपलीकडचा एरिया आम्ही नाही घेतला, जुन्या गावठाणाच्या चढावरचं घर घेतलं, तिसरा मजला, बिल्डिंग जुनी पण कॉलम सगळे टणक वाजले (किल्ली आता माझीपण असते खिशात), हॉस्पिटल पुलाच्या अलीकडच्याच बाजूला, चालत खाली उतरलं की किनारा. आणि तुम्ही यावर एका शब्दानेही रागावला नाहीत. मदत करणारे खूप भेटतात, पण मदत केली म्हणून आपलंच ऐकलं पाहिजे असं न मानणारं माणूस क्वचित भेटतं, त्याचे आभार या सगळ्या माहितीपेक्षा जास्त.

आता एक काम आहेच. बाल्कनीचं ग्रिल बदलायचंय, फॅब्रिकेटर म्हणतो स्टेनलेस स्टील लावा, गंजतच नाही. मी त्याला विचारलं कुठल्या ग्रेडचं, ३०४ की ३१६, कारण खाऱ्या हवेत मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेलं ३१६ च टिकतं असं तुम्हीच सांगितलेलं, तर तो म्हणे सगळं एकच असतं हो साहेब. त्याला हाकलू की अॅल्युमिनियमचं करून घेऊ? आई म्हणते रविवारी घरीच बोलवून घे आणि दाखव. भरती दुपारी आहे, सकाळी आलात तर बरं.