सौर पंपाच्या पुस्तिकेतील ‘चांदणे मोड’बद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: माहितीपुस्तिकेच्या पान २३ वरील खोटी सुविधा तात्काळ काढण्याबाबत

महोदय,

गेल्या वर्षी माझ्या वडिलांनी तुमच्या कंपनीचा ३ एचपीचा सौर पंप जुन्नर तालुक्यातल्या आमच्या शेतात बसवून घेतला. कारण एकच होते. शेतीची लाईट बरेचदा रात्रीची असते, आमच्याकडे बिबट्याचा वावर आहे, आणि ७१ वर्षांच्या माणसाने अंधारात दारे धरायला जाऊ नये. पंप चांगला चालतो, त्याबद्दल काही म्हणणे नाही.

पान २३ वर मात्र असे छापले आहे: ‘चांदणे मोड: पौर्णिमेच्या रात्री हिरवे बटण दहा सेकंद दाबून धरल्यास पंप चंद्रप्रकाशावर अर्ध्या क्षमतेने चालतो.’ याच्या वर ड्राय रनची (पंप पाण्याविना कोरडा चालण्याची) माहिती, खाली पॅनेल पुसायची पद्धत. टाइप तोच, चौकट तीच. वडिलांनी ते वाचले, कॅलेंडरवर पौर्णिमा पाहिली आणि कांद्याच्या लागणीला त्या रात्री पाणी द्यायचे ठरवले. साडेअकराला बॅटरी घेऊन एकटे रानात गेले. ज्या रात्रीपासून सुटका व्हावी म्हणून पंप घेतला, त्याच रात्री तुमच्या पुस्तिकेने त्यांना बाहेर काढले.

मोटार अर्थातच उठली नाही. आपलेच काही चुकते आहे असे समजून ते बटण दाबत राहिले. पहाटे परत जाऊन त्यांनी कंट्रोलरचे झाकण उघडले आणि मला फोन केला, “एखादी वायर सुटली असंल, हलवून बघू का?” तोवर उजाडले होते. नऊ पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेली आहेत, त्यामुळे व्होल्टेजची बेरीज होते. कोवळ्या उन्हातही त्या तारांवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो. मी फोनवर ओरडलो तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. तो क्षण अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तुमच्या कस्टमर केअरने सांगितले, “सर, ते गंमत म्हणून टाकलंय.” मी इंग्रजी पुस्तिका मागवून पाहिली. तिथे त्या ओळीपुढे हसरा चेहरा आहे. मराठी करताना तो गळला, वाक्य तेवढे राहिले.

पौर्णिमेचे चांदणे उन्हाच्या साधारण चार लाखाव्या भागाइतके असते. तुमच्या ३,००० वॅटच्या पॅनेलमधून त्यावर एका वॅटचा शंभरावा भागही निघत नाही. पण हे मला ठाऊक आहे, कारण मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो. उन्हावर मोटार चालते हे डोळ्यांनी पाहिलेल्या शेतकऱ्याने चांदण्यावर ती अर्धी चालेल यावर विश्वास का ठेवू नये?

आमच्या धंद्यात अशी थट्टा जुनी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या सिग्नेटिक्स कंपनीने फक्त लिहिता येणाऱ्या, कधीच वाचता न येणाऱ्या ‘२५१२०’ या मेमरी चिपची डेटाशीट (तांत्रिक माहितीपत्रक) काढली होती. तीत सॉकेटमध्ये चिप किती वेळा घातली की किती पिना शिल्लक राहतात, याचा आलेख होता. मलाही ती आवडते. पण ती इंजिनीअरांनी इंजिनीअरांसाठी लिहिली होती, आणि वाचणाऱ्याला तो आलेख पाहताच खरेखोटे कळत होते. पान २३ वर तशी एकही खूण नाही.

परवा वडिलांनी पान ३१ माझ्यापुढे धरले. ‘ऊन असताना पॅनेलच्या वायरचे जोड सोडू नयेत, जिवाला धोका.’ त्यांनी विचारले, “हे तरी खरं हाय का?” पुस्तिकेतली सर्वांत महत्त्वाची ओळ आता त्यांना मला विचारून घ्यावी लागते.

म्हणून माझी मागणी: ज्यांना ही पुस्तिका गेली त्या प्रत्येक ग्राहकाला येत्या पौर्णिमेच्या आत मराठीतून फोन करून चांदणे मोड नाही हे सांगावे, नुसता एसएमएस नको. ते पान काढून पुस्तिका नव्याने छापावी, आणि मराठी मजकूर छपाईपूर्वी पंप बसवणाऱ्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावा. मला भरपाई नको. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर पान २३ ची प्रत जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक
(वडिलांच्या वतीने)

सोबत: पान २३ व ३१ च्या प्रती, खरेदीची पावती