केंद्रावरच्या ताईंना, तिसऱ्या पिशवीबद्दल

ताई,

स. न. वि. वि.

निर्मल नगरात आमच्या म्हाडा कॉलनीच्या कोपऱ्यावर आरेचं दूध केंद्र होतं. त्यात तुम्ही पहाटे बसायचात, कानाला रुमाल बांधून. मी दोन पिशव्यांवाला. तोतरा. आता ओळख पटली असेल.

तेव्हा मी चौदा वर्षांचा. कॉलनीत मला 'तोत्या' म्हणत. क्रिकेटला घेत नसत, कारण कॅच कोणाचा हे मला वेळेत ओरडता यायचं नाही (कारण तसं रास्तच होतं). दुकानात मी बोट दाखवून वस्तू घ्यायचो. तुमच्यासमोरही पहिल्या दिवशी दोन बोटं वर केली. तुम्ही म्हणालात, "तोंडानं सांग. मला घाई नाहीये." मागं रांग. कुणीतरी वैतागलं, "अहो, द्या ना त्याला दोन, ड्युटीला जायचंय." तुम्ही क्रेटवर हात ठेवून बसून राहिलात. 'दोन'मधला 'द' एकदाचा सुटला, तेव्हा पिशव्या आणि सुट्टे पैसे पुढं केलेत. शाबासकी दिली नाहीत. फार बरं झालं.

मग ६ डिसेंबर १९९२. अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई आधी डिसेंबरात पेटली, पुन्हा जानेवारीत. जवळच रुळांलगत बेहरामपाडा, बहुतांश मुसलमानांची वस्ती, अलीकडे आम्ही. गच्चीवर विटा, सोड्याच्या बाटल्या आणि बाद ट्यूबलाइटी चढल्या. समुद्रातून बोटी भरून हत्यारं येताहेत, अशी आवई रोज उठायची. आणि ज्या पोरांनी मला कधी खेळायला घेतलं नाही, ती गस्तीला बोलवायला आली. मी गेलो, ताई. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. बोलावलं याचाच आनंद इतका, की कशासाठी बोलावलं हे कळायला तिसरी रात्र उजाडली. त्या रात्री एकानं आमच्याच बिल्डिंगमध्ये दारांवरच्या पाट्यांवर बॅटरी मारत मोजायला सुरुवात केली.

तळमजल्यावर सलीमचं घर. माझा एकुलता एक दोस्त. 'स' मला कधी अडत नाही, त्यामुळे त्याला हाक मारणं सोपं होतं. दोस्ती त्यातूनच झाली असावी. दुसऱ्या दिवशी त्याच्या अब्बांनी पाटी काढली. भिंतीवर पाटीच्या आकाराचा उजळ चौकोन राहिला. बघणाऱ्याला तो पाटीपेक्षा जास्त दिसायचा.

कर्फ्यू तासभर उठायचा तेव्हा तुम्ही मला तीन पिशव्या द्यायला लागलात. "तिसरी कुणाची, ठाऊक आहे ना?" एवढंच. मलाच का निवडलंत, ते पुढं लक्षात आलं. मला वाटेत कुणी काही विचारत नसे. उत्तराला थांबायचा धीर कुणाला होता? दिवे घालवून बसलेल्या त्या घराचं दार बोटभर उघडायचं, पिशवी आत जायची.

एका सकाळी मात्र विचारलं. केंद्रापासून वीसेक पावलांवर चौघं, आमच्या कॉलनीतले नव्हेत. "नाव काय?" माझं नाव 'प'वरून. ओठ मिटले ते मिटलेच. "बघ, नाव बनवतोय," एक म्हणाला. तोत्याचा तोतया झाला. पँटच्या बटणाला हात लागला. पुढची तपासणी काय असते, हे त्या दिवसांत मुंबईतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

तुम्ही केंद्राचं दार उघडं टाकून आलात. "माझा रोजचा पोरगा आहे."

"मग तुम्ही सांगा नाव."

"मला नाही माहीत. तो सांगेल. त्याला वेळ लागतो, थांबा."

आणि ते थांबले! हातात सळया घेतलेली माणसं, माझ्या 'प'साठी. नाव बाहेर पडलं, ते त्यांना चालणारं निघालं, मी सुटलो. सलीमला त्याचं नाव एका दमात सांगता आलं असतं.

त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. त्यात मृतांचा आकडा ९०० आहे. मी वाचला तेव्हा सारखं ते वीस पावलांचं अंतर आठवत होतं.

त्या जानेवारीतच सलीमचं घर रातोरात गावी गेलं. सकाळी तुम्ही तीन पिशव्या काढल्यात. मी म्हणालो, "ति... तिसरी..." तुम्ही नेहमीसारख्या थांबलात. वाक्य पुरं झालं नाही. त्या दिवशी अडलं ते तोतरेपणामुळे नव्हतं. तुम्ही पिशवी क्रेटमध्ये परत ठेवलीत आणि दोनचेच पैसे घेतलेत.

पुढं आम्ही बदलापूरला आलो. नंतर कधीतरी गेलो तेव्हा केंद्र बंद होतं, पत्रा गंजलेला. मी आता कॉल सेंटरवाल्यांशीही भांडतो, अडखळत, पण बोटं दाखवत नाही. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. पाकिटावर घालायला तुमचं नावच माझ्याकडे नाही. इतकी वर्षं रोज भेटून विचारलं नाही, आणि त्या सकाळनंतर "नाव काय?" असं मला कुणालाच विचारवत नाही.

तुमचा,
दोन पिशव्यांवाला