पॉलिनबाई, तुम्ही बोललात म्हणून

श्रीमती पॉलिन ग्रॉस यांस,
स. न. वि. वि.

तुम्हाला जाऊन शंभरच्या वर वर्षं झाली. अमेरिकेतल्या अॅन आर्बरच्या पत्त्यावर पत्र टाकून आता ते घ्यायला कोणी नाही, म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते.

मी पुण्यात एका हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला आतड्याचा किंवा जठराचा तुकडा मेणात बसवून त्याचा ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉनचे सेक्शन कापायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर अलगद उचलायचे, हे माझं काम. पातं जरा बोथट झालं की सेक्शनला चिरा पडतात, घाई केली की सुरकुत्या. तुम्ही शिवणकाम करायच्या. धार आणि सुरकुती म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

आतड्याच्या कॅन्सरचा ब्लॉक आला की हल्ली बहुतेक वेळा त्यावर चार वेगळे स्टेन, म्हणजे एकेक प्रोटीन दाखवणारे रंग, लावायला सांगतात: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. ही चार प्रोटीनं पेशीतली दुरुस्तीवाली मंडळी. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि एकच अक्षर ओळीने खूपदा आलं की नक्कल हमखास घसरते. एमएसएच२ आणि एमएसएच६ ही जोडी ती चूक हेरते, बाकीची दोघं ती दुरुस्त करवून घेतात. प्रोटीन जागेवर असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं. नसेल तर निळं.

अशी स्लाइड मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मायक्रोस्कोपवरून उठवेना. गाठीच्या पेशी सगळ्या निळ्या, आणि त्यांच्या मधेमधे शिरलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी, मात्र छान तपकिरी. म्हणजे स्टेन नीट लागलाय, प्रोटीन खरंच गायब आहे. आमचे पॅथॉलॉजिस्ट सर म्हणाले, “एमएसएच२ गेलंय. हा बिघाड घराण्यातून आलेला असू शकतो. आता घरच्यांची चौकशी करायला हवी.” घराण्यात उतरणाऱ्या या कॅन्सरची ती चौकशी सगळ्यात आधी तुम्ही केलीत, पॉलिनबाई. म्हणून हे पत्र.

१८९५ साली मिशिगन विद्यापीठातले पॅथॉलॉजिस्ट अल्ड्रेड वॉर्थिन यांना तुम्ही सांगितलंत की आपण लवकरच जाणार. घरातली माणसं एकामागून एक जठराच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली आहेत. वॉर्थिननी ते हसण्यावारी नेलं नाही, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण ऐकण्यासारखं काही होतं ते तुमच्याकडे. जर्मनीतून आलेल्या तुमच्या घराण्यात कोण कधी गेलं, कशाने गेलं, कोणाला किती मुलं, ही माहिती तुम्ही जमवून दिलीत. तिच्या आधारावर त्यांनी १९१३ साली शोधनिबंध छापला. त्यात तुमचं घराणं ‘कुटुंब जी’ झालं. पुढे हेच वॉर्थिन युजेनिक्सच्या, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाच्याच माणसांना मुलं व्हावीत या विचाराच्या, बाजूने बोलू लागले, ते मला अजिबात पटत नाही. तुम्ही माहिती दिलीत ती माणसं वाचावीत म्हणून, असं मी आपलं धरून चालते.

तुमचं भाकीत तुमच्यापुरतं खरं ठरलं. गर्भाशयाच्या कॅन्सरने तुम्ही गेलात.

मग बरीच वर्षं फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९६०च्या दशकात नेब्रास्कातल्या ओमाहात हेन्री लिंच नावाच्या तरुण डॉक्टरांना एक रुग्ण भेटला. तो दारू प्यायचा, कारण घरातले सगळे कॅन्सरने जातात तसे आपणही जाणार अशी त्याची खात्री होती. तुमचंच दुःख, फक्त वेगळ्या घरातलं. लिंचनी असली कुटुंबं शोधायला घेतली आणि पुढे वॉर्थिनचे जुने कागद त्यांच्या हाती आले. १९७१ साली त्यांनी तुमच्या घराण्यावर पुन्हा लिहिलं. पुढच्या पिढ्यांमध्ये जठराचा कॅन्सर कमी होऊन आतड्याचा वाढला होता. घराण्यातली खोट तीच, पण आजाराची जागा बदलली. नुसत्या जीनवर सगळं ढकलता येत नाही, हे मला तुमच्या वंशावळीनेच शिकवलं.

१९९३ साली एमएसएच२ प्रोटीन बनवणारा जीन सापडला, लगोलग एमएलएच१चा. आणि २००० साली तुमच्या घराण्याचा नेमका बिघाड कळला: एमएसएच२ जीनमध्ये एका जागी एक अक्षर बदललेलं. एवढंच. आईवडिलांपैकी एकाकडून एक बिघडलेली प्रत येते, आतड्यातल्या एखाद्या पेशीत दुसरी चांगली प्रतही जाते आणि मग चुका साचत राहतात. टीजीएफबीआर२ नावाच्या जीनमध्ये ओळीने दहा ‘ए’ आहेत. त्यातला एक निसटला की पेशीला ‘वाढ थांबव’ हा निरोपच पोचत नाही. जठराच्या आणि आतड्याच्या अशा गाठींमध्ये हे वारंवार दिसतं.

आता आमच्या काउंटरवरची गोष्ट. मुंबईला दाखवायचं असलं की नातेवाईक ब्लॉक आणि स्लाइड न्यायला येतात. एकदा एक ताई बहिणीचा ब्लॉक न्यायला आल्या होत्या. फॉर्मवर ‘घरात आणखी कोणाला’ याच्यापुढे ‘नाही’ लिहिलेलं. रजिस्टरवर सही करता करता हळूच म्हणाल्या, “आईलापण पोटाचंच होतं, मामापण तसेच गेले. पण बहिणीच्या मुलीचं बघतोय ना, ते काही लिहू नका.” मी काय बोलणार! गाठीत एमएसएच२ नसल्याचं रिपोर्टमध्ये होतं. एवढंच म्हटलं की हे डॉक्टरांना नक्की सांगा, त्यांच्याकडून ते बाहेर जात नाही.

आमच्याकडे ‘पोटाचा आजार’ या दोन शब्दांखाली तीन-तीन पिढ्या झाकलेल्या असतात. सोयरीक मोडेल ही भीती खोटी नाही, मला ती कळते. पण गप्प बसण्याची किंमत त्याच मुलीला मोजावी लागते याची मला चीड येते. तिच्याकडे बिघाड आला असण्याची शक्यता निम्मी. रक्ताच्या तपासणीत कळतं. नसेल तर सुटली. असेल तर विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, आणि दिसलेला पॉलिप, म्हणजे आतड्यातला छोटा कोंब, तिथल्या तिथे काढायचा.

तुम्हाला खरं वाटणार नाही अशी आणखी एक बातमी. २०१७ साली अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब या कॅन्सरच्या औषधाला मंजुरी मिळाली ती, गाठ कुठल्या अवयवात आहे यापेक्षा तिच्यातली दुरुस्तीयंत्रणा बंद पडलीय का, हे बघून. तीच निळी केंद्रकं. इतक्या चुका साचलेली गाठ शरीराच्या संरक्षक पेशींना परकी दिसते, आणि या औषधाने त्यांचा लगाम सुटतो. सगळ्यांना गुण येत नाही, आणि आमच्याकडे ते परवडणारे थोडेच. पण आजार पसरलेली काही माणसं त्यावर वर्षानुवर्षं टिकली आहेत.

या आजाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. लिंच यांनी आयुष्य घातलं, त्यांचा तो मानच आहे. नव्या मुलांना या चार स्टेनचं पॅनेल शिकवताना मी मात्र तुमचंही नाव सांगते. परवा एकीने विचारलं, “त्या डॉक्टर होत्या का?” म्हटलं, नाही गं, कपडे शिवायच्या.

कळावे,
आपली ऋणी,
एक लॅब टेक्निशियन, पुणे