मोडलेल्या फांदीची पानं

प्रिय काकू,

बाबांचं कपाट अखेर रिकामं झालं. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही विषय बदलला असता, म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

तीन वर्षं मी त्या कपाटाला हात लावला नव्हता. जो तो म्हणायचा, "सोडून दे आता. झाडं नाही का पानं सोडत!" असा राग यायचा! तुम्ही एकट्याच म्हणालात, "झाड नुसतं सोडत नाही गं, आधी आवराआवर करतं." जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईंचं सांत्वन असंच असणार. थंड प्रदेशात दिवस लहान होऊ लागले की पानझडी झाड हरितद्रव्य मोडायला घेतं, पानातलं जवळपास निम्मं नत्र फांदीत परत ओढून घेतं. पिवळा रंग आधीपासून पानात असतोच, हिरवा ओसरला की दिसतो. लाल मात्र त्या शेवटच्या दिवसांत नव्याने तयार होतो. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सुटत जातो आणि फांदीच्या बाजूने बुचासारखा थर धरून जखम बुजते.

नंतर तुम्ही ती फांदी दाखवलीत. भर हिरवाईत मोडून लोंबकळत राहिलेली. सगळं झाड उघडं झालं तरी तिची करपलेली पानं जागची हलली नव्हती. "पान गाळायला जिवंत पेशी लागतात," एवढंच बोललात आणि पुढे चालू लागलात. मी तिथेच उभी राहिले.

पुढचे दोन रविवार तुम्ही माझ्यासोबत जमिनीवर बसलात. 'टाक' असं एकदाही म्हटलं नाहीत. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न, "यातलं काय काढून घ्यायचंय?" शर्ट पटकन गेले. वह्यांना अख्खी दुपार लागली. हिशेबाच्या एका वहीत समासात माझ्या लहानपणच्या तापाचे आकडे निघाले: रात्री १०२, पहाटे ९९. ते पान मी फाडून घेतलं, वही रद्दीत दिली.

ओक आणि बीच या झाडांच्या काही फांद्या वाळलेली पानं वसंतापर्यंत धरून ठेवतात, हेही तुम्हीच सांगितलंत. तेव्हा बाबांचा चष्मा अजून माझ्या खणात आहे, त्यावर काही बोलू नका.

तुमची,
शेजारची