सुध्या, साटीला एक रात्र राहाच

पुणे,
१९ जून २०२४

प्रिय सुध्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. कझाकस्तानातल्या अल्माटीचे फोटो बघून तू जे लिहिलं आहेस त्यात कौतुक चमचाभर आणि टोमणे वाटीभर. ‘गाईडच्या झेंड्यामागे मेंढरासारखा हिंडलास ना?’ हो, हिंडलो. पण काकूंना घेऊन तुलाही तिकडे जायचं आहे म्हणतोस, म्हणून सगळं नीट सांगतो. टोमणे मारायचेच असतील तर निदान माहिती घेऊन मार.

आधी तुझ्या भूगोलाच्या तासाला कामाला येईल असं एक. नकाशा उघड, अकोल्यावर बोट ठेव आणि ७७ रेखांश धरून नाकासमोर वर जा. भोपाळच्या जवळून दिल्ली, सिमला, लेह. मग काराकोरम ओलांडून यारकंद. मग तिएन शान पर्वत, त्याच्या कुशीत इसिक-कुलचं अवाढव्य सरोवर, आणि त्यापलीकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी अल्माटी. म्हणजे तुझ्या घराच्या बरोब्बर उत्तरेला, अडीच हजार किलोमीटरवर. पोरांना विचार, एकालाही सांगता येणार नाही. आपल्याला चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, आणि रुपयाला पाच-सहा टेंगे (तिथलं चलन) मिळतात, त्यामुळे बिल बघून पहिले दोन दिवस छातीत धस्स होतं, मग सवय होते.

यंदाच्या १ मार्चपासून अख्ख्या कझाकस्तानात एकच वेळ सुरू झाली आहे, आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. त्याचा परिणाम असा की जूनमध्ये तिथे सव्वाचारच्या सुमाराला सूर्य उगवतो. टूरवाल्यांनी पहाटे पाचला हॉटेलखाली उभं राहायला सांगितलं तेव्हा मी मनात शिव्या घातल्या होत्या. खाली उतरलो तर लख्ख ऊन आणि रस्त्यावर माणसं कुत्री फिरवतायत.

आमची मिनीबस सतरा-अठरा जणांची. निम्म्याहून जास्त रशियन बोलणारे, एक कोरियन जोडपं, आणि मागच्या सीटवर चक्क लातूरची दोन पोरं. अल्माटीत एमबीबीएस करतात. मी बायकोला म्हटलं, ‘पाण्याची बाटली वरच्या पिशवीत आहे बघ,’ तर मागून आवाज आला, ‘काका, पुण्याचे का?’ दिवसभर तीच आमची दुभाषी. गाईड मुलगी इंग्रजी बोलायची, पण रशियनमध्ये दहा वाक्यं झाली की आमच्या वाट्याला दोन यायची. उरलेली आठ ही पोरं मराठीत सांगायची, वर आपल्या पदरचा मसाला.

एका दिवसात तीन ठिकाणं असा बेत होता: कैंडी तलाव, कोलसाय तलाव आणि परतताना चारिनची घळ. जाऊन येऊन सहाशे किलोमीटरच्या आसपास. शेलेक गावापर्यंत शेतं, सफरचंदाच्या बागा आणि रस्त्याकडेचे तंदूर. या पट्ट्यात उइगुर वस्ती बरीच आहे आणि त्यांच्या तंदुरातला गरम समसा आपल्या समोशाचा थोरला भाऊ निघावा इतका मोठा असतो. आत मटण असतं, काकूंना आधीच सांगून ठेव. पुढे कोकपेकच्या घाटातून बाहेर पडलं की झाड म्हणून दिसत नाही. नुसता माळ, आणि उजवीकडे लांबवर बर्फाची रांग.

आता कैंडीबद्दल. पण त्यासाठी आधी आदल्या दिवशीचं चर्च सांगायला हवं.

अल्माटीत पानफिलोव्ह पार्कमध्ये एक रशियन चर्च आहे. पिवळंधमक, वर रंगीत घुमट, उंची पन्नास मीटरच्या वर, आणि सगळंच्या सगळं लाकडी. १९०७ साली बांधून पुरं झालं. अल्माटीचं तेव्हाचं नाव व्हेर्नी, आणि १८८७च्या भूकंपात ते गाव आधी एकदा भुईसपाट झालेलं. त्यामुळे इंजिनिअर झेंकोव्हने मुद्दाम लाकूड निवडलं, तिएन शानच्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचं. हादरा बसला की इमारत हलेल, डुलेल, पण कोसळणार नाही असा हिशोब. चारच वर्षांत परीक्षा झाली. १९११च्या जानेवारीत भयंकर भूकंप झाला, शहरातली घरं पडली आणि हे चर्च उभं राहिलं. मी आत जाऊन खांबाला हात लावून पाहिला. वर रंग चढवलेला, त्यामुळे लाकूड आहे हे सांगूनही पटत नाही.

कैंडी तलाव त्याच भूकंपाने झाला असं सांगतात. डोंगराची दरड घळीत कोसळली, ओढ्याची वाट बंद झाली, पाणी तुंबत गेलं आणि घळीत उभं असलेलं स्प्रूसचं जंगल जागच्या जागी बुडालं. गाईडने हे सांगितलं तेव्हा मला एकदम लागलं बघ. तेच झाड, तोच भूकंप. शहरातलं लाकूड तगलं म्हणून लोक मेणबत्त्या लावायला जातात, आणि डोंगरातलं बुडालं म्हणून लोक फोटो काढायला येतात. ‘चर्चचं लाकूड याच झाडांचं ना?’ असं मी तिला विचारलं. तिच्या हे डोक्यात आलं नव्हतं, पण पुढच्या गटाला नक्की सांगणार म्हणाली. तेव्हा गाईडेड टूरला माझाही हातभार लागला आहे, हे नोंदवून ठेव.

तलावापर्यंत मिनीबस जात नाही. साटी नावाच्या गावात उतरून रशियन ‘बुखान्का’ गाडीत बसायचं. उल्यानोव्स्कच्या कारखान्यात १९६५पासून जवळजवळ त्याच आकारात निघते. आपली जुनी मेटाडोर आठव आणि तिला डोंगर चढायला शिकव, तशी. आमच्या गाडीचं सरकतं दार दोरीने बांधलेलं होतं. ड्रायव्हर साठीचा, डोक्यावर टोपी, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. वाटेत ओढा आला की तो वेग कमी करत नाही, वाढवतो. पाणी थेट काचेवर. कोरियन बाईंनी माझ्या बायकोचा हात धरला तो वर पोचेपर्यंत सोडला नाही. ही गाडी थांबली की पुढे पायी किंवा घोड्यावर, आणि शेवटी एक उभा उतार. काकूंसाठी घोडाच कर, तिथल्या पोरी लगाम धरून अगदी सावकाश नेतात.

आणि मग ते. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटरवर, जेमतेम चारशे मीटर लांबीचा तलाव. हिरवा म्हणावा तर निळा. त्यातून शेकडो सरळसोट खोडं वर आलेली, फांदी नाही, साल नाही, ऊन-बर्फाने पांढुरकी राखाडी पडलेली. लोक सगळे वरच्या टप्प्यावर फोटोच्या रांगेत. मी खाली काठाशी गेलो आणि दगडावर पालथा पडून पाण्यात बघितलं. काठाजवळच्या खोडाला पाण्याच्या रेषेवर एक काळपट कडा होती. तिच्यावर झाड बोडकं. तिच्याखाली मात्र फांद्या होत्या! एकामागोमाग एक, खाली झुकलेल्या, पार अंधारात जाईपर्यंत. पाणी इतकं थंड असतं की पाण्याखालची पानंसुद्धा कुजलेली नाहीत, शंभर वर्षांनंतरही सुया फांद्यांना धरून आहेत, वर शेवाळाचं पातळ कवच. हात घातला, मनगट बधिर झालं आणि काढून घेतला. लातूरचा एक जण म्हणाला, इथे हिवाळ्यात बर्फ फोडून आत पाणबुडे उतरतात. दुसरा म्हणाला, ‘येडे असतात.’

एवढ्यात गाईडची शिट्टी. सगळं मिळून तासभरसुद्धा दिला नाही. माझी तक्रार आहे ती इथे. मेंढरासारखं हिंडण्याचं मला काही वाटलं नाही, शिट्टीचं वाटलं.

जेवण साटीत, एका घरात. कझाक लोक चहा दुधाचा पितात हे कळल्यावर मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. चहा छोट्या वाडग्यात, तोही अर्धाच भरलेला. भरून दिला की ‘प्या आणि निघा’ असा अर्थ होतो म्हणे. सोबत बाऊरसाक, म्हणजे तळलेले कणकेचे फुगीर गोळे, आणि घरचा रासबेरीचा मुरंबा. बायको शाकाहारी आहे हे पोरांनी समजावल्यावर घरच्या बाईंनी मान डोलावली, पुलावातले मटणाचे तुकडे चमच्याने बाजूला केले आणि तोच पुलाव प्रेमाने तिच्यापुढे ठेवला. तिने ब्रेड-मुरंब्यावर भागवलं. तेव्हा दशम्या आणि चटणी बरोबर असू दे, कितीही जड झाली तरी. कुर्त नावाचे वाळवलेल्या दह्याचे खारट गोळेही मिळतात. दाताची खात्री असेल तरच चावायचे.

कोलसायबद्दल थोडक्यात. एकापाठोपाठ एक असे तीन तलाव आहेत, टूर फक्त पहिला दाखवते. तो १८०० मीटरच्या वर, किलोमीटरभर लांब, दोन्ही बाजूंनी स्प्रूस. लाकडी जिना, पायडलच्या होड्या, मक्याची कणसं, गर्दी. सुंदर आहे, पण आपण महाबळेश्वरला वेण्णा लेकवर करतो तेच सगळे तिथे करत होते. खरी मजा दुसऱ्या तलावाची असणार, २२५० मीटरवरचा. तिथे जंगलातून सात-आठ किलोमीटर चालत किंवा घोड्यावर जावं लागतं, त्यासाठी सबंध दिवस हवा. आणखी वर खिंड ओलांडली की पलीकडे किर्गिझस्तान आणि तुझ्या नकाशातलं इसिक-कुल.

म्हणून सांगतो, साटीला एक रात्र राहाच. घराघरांत राहायची सोय आहे. कैंडीला सकाळी लवकर जा, अल्माटीच्या बसेस पोचायच्या आत.

चारिनला मात्र गटाबरोबर जाण्यात काही बिघडलं नाही, उलट बरंच झालं. परतीच्या वाटेवर साडेपाच-सहाला पोचलो. सपाट माळ चालू आहे, चालू आहे, आणि अचानक पायाखालची जमीन संपते. कडेला जाईपर्यंत खाली काही आहे याचा पत्ताच लागत नाही. सगळे गाईड या घळीला अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनची धाकटी बहीण म्हणतात. मला त्याची चीड येते. चारिन नदीची ही सगळी घळ १५० किलोमीटरहून लांब आहे, तिला कोणाची बहीण व्हायची गरज नाही.

लोक हिंडतात तो भाग तीनेक किलोमीटरचा, त्याला किल्ल्यांची दरी म्हणतात. पायऱ्यांनी उतरायचं आणि कोरड्या तळातून चालत नदीपर्यंत जायचं. तुला सांदण दरी आठवते? तिथे काळा कातळ, अंगावर येणारा, पायात पाणी. इथे उलटं. लाल-तांबडी माती, वाळूचा दगड, गोटे एकमेकांत थापलेले, थरावर थर, आणि पाण्याचा टिपूस नाही. थर साधारण १ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे. आपला सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटींचा, म्हणजे वयाने आपण पाचपट मोठे. भिंतीजवळ जाऊन बघितलं तर दगड हाताने सुटतो. मऊ थर वाऱ्यापावसाने आधी झिजतात, कठीण थर छत्रीसारखे वर राहतात, आणि त्यातूनच ते बुरूज तयार होतात. उन्हं कलली तशी एक भिंत पेटल्यासारखी लाल आणि समोरची जांभळट. दुपारी बाराला येणाऱ्यांना यातलं काही दिसत नसणार, वर उन्हाने जीव जात असणार. सावली नावाला नाही.

टोकाला नदी. जोरदार, गढूळ, काठाला झाडं. तिएन शानमध्ये उगम, पुढे इली नदीला मिळते, आणि इली बल्खाश सरोवरात. समुद्र बघणं या पाण्याच्या नशिबी नाही. हाही प्रश्न पोरांना घाल. परत वर यायला पैसे देऊन गाडी मिळते. काकूंसाठी तीच बघ, चढायचा हट्ट करू देऊ नकोस.

हॉटेलवर यायला अकरा वाजले. लातूरची पोरं उतरताना सांगून गेली, पुढच्या वेळी कोणी आलं तर शेंगदाण्याची चटणी घेऊन यायला सांगा. ते काम तुझ्याकडे. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा, हवा चांगली असते म्हणाले. तारखा नक्की झाल्या की कळव. माझीही थोडी रजा शिल्लक आहे आणि दुसरा तलाव राहिला आहे, बाकी तू समजून घे.

काकूंना नमस्कार सांग आणि दशम्यांचा मजकूर त्यांना वाचून दाखव.

तुझा,
नंदू