बंड्या, गिअर डावीकडे घेऊ का?

कोल्हापूर, रविवार

प्रिय बंड्या,

गणपती झाले की लिहितो म्हणालो होतो, आता दिवाळीच्या चकल्याही मऊ पडल्या. शिव्या द्यायच्या तर फोनवर दे, पत्रात जागा घालवू नकोस. तब्येत बरी आहे. शुगर आहे तिथंच आहे, गुडघा अधूनमधून बोलतो, गोळ्या चालू. हा विषय संपला.

लिहायला बसलो ते अप्पांच्या बुलेटपायी. सईला ती चालवायचीय. शिकून नुसती फोटोपुरती नाही, रोज कॉलेजला न्यायचीय. मी तोंडानं "ने की" म्हणून बसलो आणि त्या रात्रीपासून झोपेचं खोबरं झालंय. सुधाला सांगून उपयोग नाही, ती म्हणते विका ते धूड, अंगण तरी मोकळं होईल. दादाला सांगावं तर तो "पोरीच्या जातीला बुलेट कशाला" इथून सुरू करणार, आणि मग मला सईची बाजू घ्यावी लागणार, म्हणजे माझी काळजी राहिली बाजूलाच. पन्हाळ्याच्या उतारावर उजव्या पायानं काय होतं हे अख्ख्या जगात तुलाच माहीत.

हसू नकोस. तू त्या दुधाच्या कॅनांत पडलास तेव्हा मी हसलो होतो, आता फिट्टंफाट धर. येझदीवरून उतरून थेट बुलेटवर बसलास, वळण आलं, उजवा पाय दाबलास. येझदीला तिथं ब्रेक, बुलेटला तिथं गिअर. त्यात हिचा पहिला वर आणि बाकीचे तिन्ही खाली, म्हणजे घाबरून पाय दाबावा तर तिसऱ्याचा चौथा पडतो. इंजिनानं धरलेली गाडी उतारावर मोकळी सुटली, आणि तू मागं बसलेल्या मलाच ओरडतोयस, "लेका, ब्रेक लागत नाहीत तुमच्या गाडीला!" ब्रेक होते रे. डाव्या पायाखाली होते, आणि तो पाय तू मांडीपर्यंत वर घेतला होतास.

सई पडली तर तिथं दूधवाला नसेल, एवढाच विचार रात्री दोन वाजता डोक्यात घुमतो.

तर उद्यमनगरातल्या आपल्या मिस्त्रीकडं गेलो. म्हटलं, हिचा गिअर डावीकडं घेता येतो का? "येतोय की, न यायला काय झालं?" म्हणाला आणि बाकावर ठेवलेलं एक उघडं गिअरबॉक्स माझ्यापुढं सरकवलं. इतकी वर्षं गाडी घरात आहे, पण उजवीकडंच का हे त्या दिवशी कळलं. डाव्या अंगाला क्लच, इंजिनाची ओढ क्लचला देणारी प्रायमरी चेन आणि मागच्या चाकाची चेन ओढणारं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, अशी सगळी दाटी. गिअर बदलणारा भाग बसायला जागा उरते ती उजवीकडं, किकच्या शेजारी. आपण इंग्रजांच्या नावानं उगाच बोटं मोडायचो.

मग डावीकडं गेला कसा, तर त्याला कारण अमेरिका. १ सप्टेंबर १९७४ पासून तयार होणाऱ्या मोटारसायकलींना तिथल्या सरकारनं डाव्या पायाला गिअर, उजव्या पायाला ब्रेक असा कायदाच लावला. जपानी गाड्यांचा गिअर आधीपासून डावीकडंच होता आणि खपतही त्याच होत्या, त्यामुळं त्यांचं काही बिघडलं नाही. धावपळ झाली ट्रायम्फ बॉनव्हिल आणि नॉर्टन कमांडोवाल्यांची, आणि हार्लेची स्पोर्टस्टरही त्यातच. गिअरबॉक्स आहे तोच ठेवून त्यांनी आडवे दांडे घातले आणि पेडलं इकडची तिकडं केली. मद्रासच्या बुलेटला तसली सक्ती नव्हती, म्हणून आपली उजवीच राहिली, ती पुढं कित्येक वर्षं. आता शोरूममध्ये उजवा गिअर माग, पोरं तोंडाकडं बघतात.

मिस्त्रीही तेच करणार, आडवे दांडे. आणि एक नव्हे, दोन, कारण हिचा मागच्या ब्रेकचा ड्रमही डावीकडं, स्प्रॉकेटच्या बाजूला आहे. म्हणजे ब्रेकचं पेडल उजवीकडं आणलं तरी ओढ पुन्हा डावीकडं न्यायची. त्यानं एका गिऱ्हाइकाची तशी केलेली गाडी दाखवली. मी हातानं पेडल दाबून बघितलं. अर्धा इंच नुसतं हलतं, मग कुठं काहीतरी ओढल्यासारखं वाटतं. मला ते अजिबात आवडलं नाही. ब्रेकची जागा बरोबर आणि ब्रेक पोकळ, यापेक्षा उलटं बरं, असं मनात आलं. पण पुन्हा रात्री दोन वाजता पन्हाळा.

जाता जाता मिस्त्रीच्या पोऱ्यानं साडी गार्ड काढून टाकायचा सल्ला दिला, "ल्हूक येतंय". मी म्हटलं, बाळा, ते दागिना म्हणून लावलेलं नाही. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत लिहिलंय, १२३ वा नियम: मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं तरी चाक झाकायचं. आपल्याकडं साडीतल्या बायका एका अंगाला बसतात, त्याही डावीकडं पाय सोडून, फुटपाथच्या बाजूला. सायलेन्सर आपला उजवीकडं, ते किती बरं आहे बघ. आईचा पदर एकदा त्या चाकाशी किती जवळ गेला होता ते तू मागून सायकलवरून बघितलंयस. गार्ड राहणार.

हां, तर सई. गेल्या आठवड्यात तिला सकाळी ग्राउंडवर घेऊन गेलो. किक मारायला शिकवली: ॲमीटरचा काटा मधे येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, मग डीकॉम्प्रेसरची, म्हणजे इंजिनातला दाब सोडायची, पट्टी धरून अजून थोडी खाली, सोडायची, आणि मग अंग टाकायचं. तुला हे कधीच जमलं नाही, म्हणून तू येझदी घेतलीस. तिचा एकच दांडा, किकही तोच, मोडून पुढं टाकला की गिअरही तोच. जमलं नाही हे कबूल करायच्या ऐवजी तू आयुष्यभर "एका दांड्यात दोन कामं" म्हणून मिरवलंस. सईला तिसऱ्या किकला जमलं. न्यूट्रल फाइंडरवर तर ती खूश, टाच मारली की दुसऱ्या-तिसऱ्यातूनही थेट न्यूट्रल. "बाबा, हे नव्या गाड्यांना का नाही?" मला उत्तर आलं नाही, म्हणून मी चहा प्यायला चल म्हटलं.

चहा पिता पिता तिनं एक गोष्ट काढली आणि माझा सगळा हिशोबच फिरला. मी आपला पायाच्या मागं लागलेलो. ती म्हणाली, पाय राहू दे, माझी गडबड डाव्या हाताची होणार. ॲक्टिव्हाला डाव्या हाताखाली ब्रेक असतो, बुलेटला क्लच. घाबरले की मी ते दाबणार, आणि गाडी आणखीच सुटणार. खरंय! आपण दोघं एवढी वर्षं पाय-पाय करत बसलो. मग तीच म्हणाली, "पण उजवा हात बघा की, सगळीकडं तोच." मी गाड्या आठवत बसलो. तुझी येझदी, मामांची चेतक, ही बुलेट, तिची ॲक्टिव्हा. गिअर कुठं हातात, कुठं पायात, कुठं नाहीच. मागचा ब्रेक कधी उजव्या पायाला, कधी डाव्या, कधी हाताला. उजव्या मुठीत रेस आणि तिच्यापुढं पुढचा ब्रेक, हे मात्र एकाही गाडीनं मोडलेलं नाही.

आता तू म्हणणार, "पुढचा ब्रेक लावला की माणूस उलटतो." अरे, किती वर्षं तेच? कॉलेजच्या कट्ट्यावर यावरून आपण तीन दिवस बोलत नव्हतो. ब्रेक लागला की सगळं वजन पुढं येतं, पुढचं टायर रस्त्याला घट्ट दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. थांबवायचं जास्त काम पुढच्याच चाकाचं. खडीवर किंवा हँडल वळलेलं असताना कचकन दाबू नये, एवढं तुझं खरं. बाकी ज्या हातानं तू पन्हाळ्यावर हँडल आवळून धरलं होतंस, त्याच हाताची चार बोटं लांब केली असतीस तर दूधवाल्याचे पैसे वाचले असते.

तेव्हा गिअर डावीकडं नेण्याचं सध्या डोक्यातून काढलंय. ते पैसे पुढच्या चाकात घालावेत असं वाटतंय. अप्पांचा ड्रम जुना, आत ब्रेकचे शू पसरवणारा एकच कॅम, दाबला तर गाडी विचार करून थांबते. नंतरच्या बुलेटींना दोन कॅमवाला ड्रम यायचा, तो मिळाला तर बरं. मिस्त्री म्हणतो डिस्क बसवू, मला फोर्कची धास्ती वाटते. आणि सईनं महिनाभर रोज ग्राउंडवर फक्त थांबायला शिकायचं, चालवायला नाही, असं ठरवलंय. तिनं तोंड वाकडं केलं, पण येते.

बडोद्याला जुन्या बुलेटचा बाजार चांगला आहे असं तूच म्हणायचास. तसा ड्रम कुठं बघितलास तर आतले शू उघडून बघ, नुसत्या वरच्या पॉलिशवर जाऊ नकोस. तुझा इतिहास मला माहीत आहे. भाव कळव, मग मी सांगतो घ्यायचा का.

वहिनींचं मोतीबिंदूचं नीट झालं ना? चिरंजीव कॅनडाला पोचले का, थंडीचे कपडे नेले का? नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला असेल तर फोटो पाठव. दादाला यातलं काही बोलू नकोस, त्याला वाटतंय बुलेट विकायला काढलीय.

तुझा,
अन्या

ता. क. येझदी विकलीस म्हणून शिऱ्या सांगत होता. कितीला? आणि मला न विचारता?